पौषातली रात्र आणि उघड्यावरचं अंथरूण

तुळशीचं लग्न लागलं की घराघरांतून रजया आणि गोधड्या उन्हात पडतात. वरच्या फळीवरचे स्वेटर खाली येतात, डांबरगोळ्यांचा वास दोन दिवस घरभर दरवळतो आणि थंडीची आपली तयारी झाली असं आपण समजतो. पण मैत्रिणींनो, आपल्या घरातलं कोणी ना कोणी याच दिवसांत उघड्यावर झोपायला जातं, हे कधी लक्षात घेतलंय का? सासूबाई दिंडीबरोबर पायी निघतात. दीर रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी द्यायला जातात आणि तिथंच बांधावर पाठ टेकतात. मुलगी शाळेच्या शिबिराला किल्ल्यावर जाते. नात्यातलं कोणी मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल असतं आणि त्याच्याबरोबरचं माणूस आवारातल्या फरशीवर रात्र काढतं. आणि बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या बायका तर दिवाळी झाल्यापासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाचटाच्या कोपीत, लेकराबाळांसकट, अख्खा हिवाळा काढतात.

या सगळ्यांना आपण निघताना काय सांगतो? "शाल घे गं बरोबर." बस्स! एवढ्यावर आपलं कर्तव्य संपतं.

आमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं. थंडी आम्हांला नवी नाही. महाराष्ट्रात सर्वांत कमी तापमान म्हणून हिवाळ्यात ज्या निफाडचं नाव वर्तमानपत्रात येतं, ते आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी कितीतरी हिवाळ्यांत आलेली आहे. आणि नेमक्या याच कडाक्यात आमच्याकडची मोठी वारी असते! संत निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी भरते, म्हणजे बहुधा जानेवारीत, क्वचित फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. सिन्नर, निफाड, दिंडोरी, नगरकडच्या गावागावांतून दिंड्या पायी निघतात. मुक्काम कुठं शाळेच्या पटांगणात, कुठं देवळाच्या ओसरीवर, तर कुठं नुसत्या कापणी झालेल्या वावरात. दिंडीत निम्म्या तरी बायका असतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा साठी ओलांडलेल्या.

त्यामुळे हा लेख म्हणजे नुसत्या हौशी सहलीची टिपणं नव्हेत. उघड्यावरची एक थंड रात्र धडधाकट माणसाला फक्त जागवते. पण म्हातारं माणूस, तान्हं मूल, उपाशी किंवा ओलं झालेलं माणूस यांच्या ती जिवावरही बेतू शकते.

ऊब जाते कुठं?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांना मी नेहमी एक प्रश्न विचारते, "रजई गरम असते का रे?" सगळी एका सुरात "हो" म्हणतात. मग त्यांना सांगते, की रजईला स्वतःची ऊब नसतेच मुळी! ऊब आपली, रजई फक्त ती राखते. ती राखते तीसुद्धा कापसाने नव्हे, तर कापसात अडकून पडलेल्या हवेने. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. म्हणून एका जाड कांबळ्यापेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणं एकावर एक घेतली तर बरेचदा जास्त उबारा मिळतो. थरांच्या मध्ये हवा कोंडते ना!

आता शरीरातली ऊब बाहेर जायच्या वाटा पाहा. पहिली वाट जमिनीतून. गार जमिनीला आपण टेकलो की ती उष्णता ओढून घेत राहते. दुसरी वाऱ्यातून. अंगाभोवती तापलेली हवा वारा उडवून नेतो. तिसरी वाट ओलाव्यातून. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून ओलं लुगडं किंवा घामाने भिजलेलं पोलकं अंगावर ठेवणं म्हणजे स्वतःहून थंडीला दार उघडणं. आणि चौथी वाट आकाशाकडे! ही मात्र आपल्या ध्यानात येत नाही. निरभ्र रात्री जमीन, गवत, आपलं पांघरूण, सगळंच आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत असतं आणि गार पडत असतं. म्हणून तर ढगाळ रात्र उबदार वाटते आणि चांदणं स्वच्छ पडलं की थंडी वाढते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात कधीकधी दवाचे हिमकण होतात, ते याच कारणाने.

या चार वाटा अडवल्या की निम्म्याहून जास्त काम झालं. पुढचं सगळं या चार वाटांभोवतीच आहे.

जागा आधी बघा, अंथरूण मग घाला

मुक्कामाला पोचल्यावर आपण बायका आधी पाण्याची सोय बघतो. साहजिकच आहे. नदीकाठ दिसला की तिथंच पथारी पसरतो. पण थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली येते आणि नदीकाठी, ओढ्यात, खोलगट जागी साचून राहते. पाणी नदीवरून आणावं, झोपावं मात्र जरा उंचवट्यावर. अगदी टेकडीच्या माथ्यावरही नको, तिथं वारा सोसवत नाही. मधली, आडोशाची जागा उत्तम.

हिवाळ्यात आपल्याकडचं बोचरं वारं बहुतेक उत्तरेकडून येतं. देवळाची भिंत, शाळेची इमारत, कडब्याची गंजी, उभा केलेला टेम्पो, जे असेल ते उत्तरेला ठेवून त्याच्या दक्षिणेला झोपावं. काहीच नसलं तर दोन काठ्या रोवून त्यांना ताडपत्री बांधली तरी वारा पुष्कळ तुटतो.

डोक्यावर काहीतरी हवंच. ओसरी, पडवी, मांडव, निदान एखादं डेरेदार आंब्याचं झाड. आकाशाकडे जाणारी वाट त्याने अडते आणि दवही अंगावर पडत नाही. "रात्री झाडाखाली झोपू नये, झाडं विषारी वायू सोडतात" असं पुष्कळ जणी म्हणतात. मोकळ्या हवेत झाडातून बाहेर पडणारा वायू इतका थोडा असतो, की त्याने काही होत नाही. बघायचं ते हे, की वर वाळकी फांदी लोंबत नाही ना आणि आग्या मोहोळ नाही ना. मोहोळ असेल तर त्या झाडाखाली शेकोटीही नको आणि मुक्कामही नको!

अंगावरच्यापेक्षा अंगाखालचं जास्त

ही गोष्ट मी तुम्हांला दोनदा सांगेन. आपण घरातून निघताना पांघरुणं मोजतो, अंथरुणं मोजत नाही. आपल्या वजनाने अंगाखालची गोधडी दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि जमिनीची गारी थेट पाठीला भिडते. म्हणून दोन गोधड्या असतील तर एक अंथरा, एक पांघरा. एकच असेल तर ती अर्धी खाली, अर्धी वर घ्या.

पण त्याच्याही आधी खाली काहीतरी पोकळ पसरा. आपल्याकडे याची काय वाण आहे? इगतपुरी-त्र्यंबककडे भाताचा पेंढा, देशावर ज्वारी-बाजरीचा कडबा, ऊसपट्ट्यात पाचट. चांगला वीतभर थर करावा. झोपल्यावर तो दबतो, तरी चार बोटं उरला पाहिजे. त्यावर पोतं किंवा तरट आणि मग गोधडी. पेंढा आधी काठीने झोडपून घ्यावा, विंचूकाटा असतो. आणि मालकाला विचारून घ्यावा, हे काय सांगायला हवं! शहरातून जाणाऱ्यांनी योगासनांची फोमची चटई घ्यावी. तेही नसेल तर पुठ्ठ्याची खोकी उलगडून दोन-तीन थर घालावेत. रुग्णालयाच्या फरशीवर झोपणाऱ्याला तर पुठ्ठ्यासारखा दुसरा सोबती नाही. औषधाच्या दुकानात मागितली तर अशी खोकी सहज मिळतात.

प्लॅस्टिकचा कागद सगळ्यांत खाली घालावा, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. पण नुसत्या प्लॅस्टिकवर झोपलं तर ओल अडते, गारठा अडत नाही. आणि हाच कागद पांघरुणावर सबंध गुंडाळून घेतला, तर अंगाची वाफ आतल्या आत अडकून पहाटेपर्यंत पांघरूण ओलं होतं. वर घ्यायचाच तर हातभर उंचीवर छतासारखा बांधावा.

काही घरी शेतावर बाज असते. "जमिनीपासून उंच आहे, म्हणजे गारठा लागणार नाही," असं वाटतं. पण आपण उन्हाळ्यात अंगणात बाजेवर का झोपतो? खालून वारा लागतो म्हणूनच ना! मग हिवाळ्यात तोच वारा खालून पाठ गार करतो. बाजेवर झोपायचं तर पोतं, चवाळं, जाड गोधडी असं खाली भरपूर घालावं. हवेची फुगवायची गादी मिळते तिचंही तसंच. आत हवा खेळती असते, म्हणून तिच्यावरही जाड अंथरूण पाहिजेच.

घोंगडी, गोधडी आणि थोडं शिवणकाम

आजकाल घोंगडी म्हटली की मुलं नाक मुरडतात. टोचते म्हणतात. पण उघड्यावर झोपायला तिच्यासारखं दुसरं वस्त्र नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची, सनगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली अशी ही अस्सल घोंगडी. मेंढपाळ माणूस वर्षातले कितीतरी महिने कळपाबरोबर उघड्यावर काढतो तो तिच्याच भरवशावर. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊबही सोडत नाही. सुती गोधडीचं तसं नाही. कोरडी असेतो ती मायेची. दवाने भिजली की जड आणि गार. म्हणून आत गोधडी आणि वर घोंगडी हा क्रम ठेवावा. टोचतं म्हणणाऱ्यांनी आतून जुन्या धुवट लुगड्याचं अस्तर घ्यावं.

आता दुपारच्या फावल्या वेळात करण्याजोगं एक काम सांगते. जुनी पण धड असलेली गोधडी घ्या, साधारण सात फूट लांब आणि सहा फूट रुंद. ती लांबीत दुमडा, म्हणजे रुंदी तीन फूट होईल. पायाकडची बाजू पूर्ण शिवून टाका. उघडी बाजू पायापासून चार फुटांपर्यंत शिवा आणि वरचे तीन फूट मोकळे सोडून तिथं वीत-वीत अंतरावर नाड्या लावा. झाली झोपायची खोळ! पायाकडून वारा शिरत नाही, कुशीवर वळलं तरी पांघरूण सरकत नाही. दोरा दुहेरी, जाड घ्यावा आणि टाके जवळजवळ. सांध्यावर जुन्या साडीचा काठ लावला की शिवण उसवत नाही आणि दिसतेही छान. चेन लावू नये असं माझं मत. म्हाताऱ्या माणसाला अंधारात ती सापडत नाही आणि अडकली तर जीव घाबरा होतो. नाडी ओढली की सुटते.

कानटोपीबद्दल दोन शब्द. "निम्मी ऊब डोक्यातूनच जाते" असं आपण ऐकत आलो, ते काही खरं नाही. डोक्यातून जाते ती त्याच्या आकाराच्या मानानेच. पण अंगभर पांघरूण आणि डोकं उघडं, असं असलं तर जाणारी ऊब तिथूनच जाणार, नाही का? म्हणून कानटोपी हवीच. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्याला तर हवीच हवी. तोंड-नाक मात्र कोणीही पांघरुणात घेऊ नये. श्वासाची वाफ पांघरूण ओलं करते, आणि बाळाच्या बाबतीत तर गुदमरण्याची भीती असते.

झोपण्याआधीचं अर्धा तास

दिवसभर चालून अंगावरचे कपडे घामाने दमट झालेले असतात, आपल्याला ते कळत नाही. झोपण्यासाठी एक कोरडा जोड वेगळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काही झालं तरी दिवसा तो घालू नये. अगदी परकरापासून सगळं बदलावं. आडोशाला बदलायचं म्हणजे बायकांना अवघड, हे मी जाणते. दोघींनी चादर धरावी, तिसरीने बदलावं. पायमोजे कोरडे आणि सैल असावेत. घट्ट मोज्यांनी रक्ताचा पुरवठा कमी होतो आणि पाय उलट गार पडतात. केस ओले ठेवून झोपू नये. न्हायचं असेल तर दुपारी उन्हात.

रात्रीच्या जेवणाला काट मारू नका. शरीराला ऊब तयार करायला सरपण लागतं. बाजरीची भाकरी, तूप किंवा तेल घातलेली डाळ, गूळ-शेंगदाणे, तिळाचा लाडू. संक्रांतीच्या तोंडावर आपल्या पूर्वजांनी तीळगूळ उगाच नाही ठेवलेला. उशाशी एक पुरचुंडी ठेवावी. पहाटे तीनला थंडीने जाग आली तर दोन लाडू खावे, घोटभर पाणी प्यावं, अंथरुणातच हातपाय हलवावे. पहाटे मुद्दाम सांगते, कारण सर्वांत जास्त थंडी मध्यरात्री नसते, ती उजाडायच्या सुमारास असते.

आणि पाण्याचं एक. बाहेरगावी जायला जागा नाही म्हणून आपण बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. हे फार वाईट. अंगातलं पाणी कमी झालं की थकवा वाढतो, थंडी जास्त बाधते आणि लघवीचे विकार मागे लागतात ते वेगळेच. पाणी दिवसभर प्यावं, झोपायच्या आधी चौघींनी मिळून बॅटरी घेऊन जाऊन यावं. रात्री लागलं तर कुढत पडू नये. शेजारणीला उठवावं. तिनेही कुरकुरू नये, कारण पुढची पाळी तिची!

गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा स्टीलची बाटली मोज्यात घालून पोटाशी घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी ती पायाशी ठेवताना जपावं. त्यांच्या पावलांना पुष्कळदा चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून घेण्याची जुनी रीतही चांगली. पण नदीतला गोटा तापवू नये, आत ओल असली तर तो फुटतो.

लहान मूल, म्हातारं माणूस यांना कडेला झोपवू नका. रांगेच्या मधोमध घ्या. दोन्हीकडून माणसाची ऊब मिळते, ती कोणत्याही रजईत नाही.

शेकोटी बाहेर, माणसं आत

शेकोटीभोवती बसावं, गप्पा माराव्यात, पाय शेकावेत. पण तिच्याजवळ झोपू नये. आजच्या बहुतेक साड्या आणि ब्लँकेटं कृत्रिम धाग्याची असतात, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतात. झोपण्यापूर्वी शेकोटी पाणी ओतून पूर्ण विझवावी.

याहून मोठा धोका सांगते आणि तो नीट वाचा. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत, कोपीत, बंद टेम्पोत किंवा खोलीत कधीही, कधीही घेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. दर हिवाळ्यात देशात कुठून ना कुठून अख्खं कुटुंब असं झोपेतच गेल्याची बातमी येते. "धूर येत नाही, म्हणजे भीती नाही" हा समज घातक आहे. बिनधुराचे लाल निखारेच जास्त फसवतात. गाडीचं इंजिन चालू ठेवून आत झोपणंही तसंच घातक.

आणि दारू! शेतावर पाणी द्यायला जाणारे पुरुष "थंडीसाठी थोडी" म्हणून घेतात. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून क्षणभर गरम वाटतं. पण आतली ऊब तेवढ्याच वेगाने बाहेर जाते. प्यायलेलं माणूस थंडीत उघड्यावर झोपलं तर त्याला थंडी वाजल्याचंही कळत नाही. बांधावर जाणाऱ्याला थर्मासमध्ये गोड चहा द्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट द्या आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड जास्तीचा द्या. रात्रीच्या विजेवर पाणी भरताना ओले झालेले पाय तसेच घेऊन तो झोपला नाही, तरी पुष्कळ झालं.

थरथर थांबली, तर निर्धास्त होऊ नका

आमच्या सासूबाई दोन-तीन वर्षांपूर्वी दिंडीला गेल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मुक्काम एका शाळेच्या पटांगणात. रांगेच्या अगदी कडेला सत्तरीच्या एक आजी नुसत्या प्लॅस्टिकवर पातळ चादर घालून झोपलेल्या. संध्याकाळी लुगडं धुतलं होतं, ते पुरतं वाळलं नव्हतं, तेच नेसलेलं. रात्री त्या कुडकुडत होत्या हे शेजारणीने ऐकलं होतं. पहाटे काकड्याला सगळ्या उठल्या, आजी उठेनात. कुडकुडणं थांबलेलं. हाक मारली तर शब्द जड, बोबडे. कुठल्या गावी आहोत तेही सांगता येईना. कोणी म्हणालं, "दमल्यात, झोपू द्या." कोणी त्यांना शेकोटीजवळ ओढायला निघालं, कोणी तळपाय खसाखसा चोळायला लागलं, कोणी ब्रँडी शोधायला धावलं.

सुदैवाने दिंडीत एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं. आजींना हळुवार उचलून शाळेच्या खोलीत नेलं, ओलं लुगडं काढून कोरडे कपडे घातले, खाली-वर गोधड्या घातल्या, डोक्याला टोपी घातली आणि दोन धडधाकट बायकांना त्यांच्या दोन्ही अंगांना चिकटून त्याच पांघरुणात निजवलं. फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या छातीशी आणि काखेत ठेवल्या. एकीने लगेच १०८ ला फोन लावला. आजी नीट शुद्धीवर येऊन गिळू शकतात असं पाहिल्यावर मगच चमच्या-चमच्याने कोमट गोड चहा दिला. रुग्णवाहिका आली, आजी दवाखान्यात गेल्या आणि वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर झोपू दिलं असतं तर कठीण होतं.

यातलं काय लक्षात ठेवायचं? निरोगी माणसाच्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. आधी थरथर होते. ती शरीराची ऊब तयार करायची धडपड असते. मग बोलणं बोबडं होतं, पाय अडखळतात, हातातून वस्तू पडतात, माणूस विचित्र वागतं. थरथर थांबली आणि माणूस गार, सुस्त झालं, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे, शरीराची शक्ती संपल्याचं आहे. अशा वेळी चोळू नये, दारू देऊ नये, उभं करून चालवू नये, एकदम आगीजवळ नेऊ नये, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. ओलं काढा, कोरडं घाला, छाती-पोटाला ऊब द्या आणि दवाखाना गाठा.

म्हाताऱ्या माणसांत थरथर आधीच कमी होते, तान्ह्या बाळांना तर ती जवळजवळ येतच नाही. म्हणून "ती कुठं कुडकुडतेय?" असं म्हणून त्यांना गृहीत धरू नका. हात मानेखाली, पोटावर घालून पाहा. पोट गार लागलं तर तिथंच धोका ओळखा. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि पहाटेच्या गार पाण्याच्या स्नानाचा आग्रह वयस्क बायकांनी धरू नये. ऊन वर आल्यावर केलेलं स्नान देवाला काही कमी पोचत नाही.

पिशवीत काय भराल?

दिंडी असो, शिबिर असो की दवाखाना, माणूस निघण्याच्या आदल्या दिवशी या वस्तू काढून ठेवा: अंथरायला जाड काहीतरी आणि त्याच्याखाली घालायला प्लॅस्टिकचा कागद, एक गोधडी किंवा वर सांगितलेली खोळ, वर घ्यायला घोंगडी किंवा लोकरीचं कांबळं, झोपायच्या कपड्यांचा कोरडा जोड, कानटोपी, सैल मोजे, मफलर, बॅटरी, तीळगुळाची किंवा डिंकाच्या लाडवांची पुरचुंडी, पाण्याची स्टीलची बाटली, नेहमीची औषधं, आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. चंदेरी कागदासारखं एक घडीचं पांघरूण हल्ली मिळतं, मुठीत मावतं आणि फार महागही नसतं. ते अंगाची ऊब परत अंगाकडे फेकतं. अडीअडचणीसाठी एक ठेवावं.

एवढं ओझं म्हातारीने कसं न्यायचं, असं तुम्ही म्हणाल. दिंडीबरोबर सामानाचा टेम्पो असतो. अंथरूण त्यात टाकावं, पण कोरडा जोड, टोपी आणि लाडू मात्र खांद्यावरच्या पिशवीत असू द्यावेत. टेम्पो कधी मागे राहतो, कधी वाट चुकतो.

आपल्या घरातली म्हातारी माणसं स्वतःहून काही मागत नाहीत. "मला काय करायचंय एवढं, माउली बघून घेईल," म्हणतात आणि पातळ चादर काखेत मारून निघतात. त्यांच्याशी वाद घालू नका. या आठवड्यात एखादी जुनी गोधडी काढा, खोळ शिवायला घ्या आणि पौषाच्या आत पुरी करा. घरचं कोणी जाणार नसेल, तर गावाबाहेर ऊसतोडीच्या कोप्या पडल्या असतील तिथं एखादं तान्हं बाळ असेलच. त्याच्या मापाची टोपी आणि गोधडी शिवायला फार तर दोन दुपारी लागतात.